तेरवीनंतरचे दुःख : मदत कोणाला लागते, कुठे मिळते?

आजचा विषय या सदराच्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. हिवताप, सिकलसेल, सर्पदंश, रक्तदाब यांविषयी इथे लिहिले की वाचक कात्रण काढून ठेवतात आणि दवाखान्यात घेऊन येतात. घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या प्रकृतीचे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तक्रारी असतात, पण त्या दुसऱ्याच नावाने येतात. "झोप लागत नाही जी." "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटते." "जेवण जात नाही, हातपाय गळून येतात." रक्त तपासावे, ईसीजी काढावा, तर सगळे ठीक निघते. मग कागद बाजूला ठेवून 'घरी कोण कोण आहे?' असे विचारले की चार-पाच महिन्यांपूर्वी झालेली एखादी मयत समोर येते.

चार-पाच महिने हा काळ वाचकांनी लक्षात ठेवावा. आपल्याकडे मयतीच्या घराला गाव एकटे सोडत नाही. मातीला सारे येतात. चूल पेटत नाही, तेव्हा शेजारचे, नात्यातले लोक जेवण आणून कडू घास भरवतात. दहावा होतो, तेरवी होते. भामरागडकडे माडिया समाजात गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. या रीतींची चेष्टा करणारे सुशिक्षित मला भेटतात, पण डॉक्टर म्हणून मला त्यांत बरेच शहाणपण दिसते. रडायला हक्काची जागा मिळते, माणसे अंगाला अंग लावून बसतात, गेलेल्याचे नाव दहा तोंडांतून निघते. अडचण तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. मांडव निघतो, लेकी सासरी जातात, भाऊ नागपूरच्या नाहीतर पुण्याच्या नोकरीवर परततो. तोवर मन बधिर असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बधिरपणा ओसरून माणूस खरोखर गेल्याची जाणीव होऊ लागते ती साधारण महिना-दीड महिन्यानंतर, आणि नेमके तेव्हाच घर रिकामे झालेले असते. म्हणजे मदत असते तेव्हा गरज कमी आणि गरज वाढते तेव्हा मदत नाही, असा हा उलटा हिशेब आहे.

शरीरावर होणारा परिणाम

दुःख केवळ मनात राहत नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट होतो आणि नंतर दिवसागणिक उतरत जातो, असे त्यात दिसले. अर्थात एरवीचा धोका मुळात फार थोडा असतो, त्यामुळे २१ पट ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घरातल्या वयस्कर जोडीदाराच्या छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर 'दुःखामुळे होत असेल' म्हणून सोडून देऊ नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तीव्र धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगून दुबळा होण्याचाही एक आजार आहे. तो जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास प्रथम वर्णन केला. त्या आकाराचे, ऑक्टोपस पकडायचे मडके त्यांच्याकडे असते, त्याचेच नाव त्यांनी आजाराला दिले: ताकोत्सुबो.

याहून जास्त वेळा दिसणारी गोष्ट साधी आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची गोळी त्या तेरा दिवसांत सुटते आणि पुढे सुटलेलीच राहते. गोळीची आठवण करून देणारे माणूसच गेलेले असते. म्हणून मयतीच्या घरी बसायला जाणाऱ्यांनी एक काम करावे. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी औषधाची पिशवी आहे का आणि त्यातली गोळी आज घेतली का, हे बघावे.

वेड लागलेले नाही

'मला वेड तर लागत नाही ना?' हा प्रश्न खाली मान घालून, हलक्या आवाजात विचारला जातो. नवरा जाऊन दोन महिने झाले आहेत आणि पहाटे अंगणात त्याच्या खाकरण्याचा आवाज येतो. बाजारात पाठमोरा माणूस दिसला की तोच वाटतो. वेल्समधल्या एका गावातल्या डॉक्टरने, म्हणजे माझ्यासारख्याच एका जनरल प्रॅक्टिशनरने, आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना घरोघर जाऊन याविषयी विचारले. त्यांचे नाव डॉ. रीस. १९७१ मध्ये त्यांनी लिहिले की यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास झाला होता. कोणाला तो दिसला होता, कोणाला त्याचा आवाज आला होता. बहुतेकांनी हे आधी कोणालाही सांगितले नव्हते. विलायतेतले लोकही भीतीने गप्पच होते तर! हा भास आजार नाही. त्यासाठी अंगारा नको, कोंबडा नको आणि अंगातले भूत काढतो म्हणून मारहाण करणारा मांत्रिक तर मुळीच नको. २०१३ पासून महाराष्ट्रात तो कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गैरसमजाची बाब म्हणजे दुःखाची चाल. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असे पुष्कळांनी वाचलेले असते. डॉ. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी. मागे राहिलेल्यांचे दुःख पायऱ्या चढत नाही. १९९९ मध्ये हॉलंडमधल्या स्ट्रोबे आणि शुट या संशोधकांनी त्याचे जे वर्णन केले, ते मला आपल्या अनुभवाशी जास्त जुळणारे वाटते. त्यांच्या मते दुःखी माणूस येरझारा घालतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे वळतो, रडतो, आठवतो. कधी त्याच्याकडे पाठ करून पोटापाण्याच्या कामाकडे वळतो. दोन्ही लागते.

आपल्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत हे स्वच्छ दिसते. नवरा जाऊन महिना झालेली बाई चिखलात इतर बायांबरोबर रोवणी करते, एखाद्या विनोदाला हसतेही. रात्री त्याचा सदरा पोटाशी धरून रडते. शेजारणी म्हणतात, 'हिले काहीच वाटत नाही.' तिला पुष्कळ वाटते. तिचे मन जसे चालायला हवे तसेच चालले आहे. उलट जी बाई नुसती रडतच राहते आणि कामाकडे वळूच शकत नाही, किंवा जो पुरुष दुसऱ्या दिवसापासून कामात बुडतो आणि सहा महिन्यांत गेलेल्याचे नावही घेत नाही, त्यांच्याकडे घरच्यांनी जास्त लक्ष द्यावे. येरझार तिथे एका टोकाला अडकलेली असू शकते.

पुरुषांबद्दल आणखी एक सांगायला हवे. त्यांचे रडणे बाटलीत जाते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. पण मोहाची दारू कायद्याला विचारून गाळली जात नाही. दारूने झोप येते, पण तुटक येते, आणि उदासी दुसऱ्या दिवशी दुप्पट होते. मयतीच्या घरी 'थोडी घे, बरं वाटंल' म्हणून ग्लास पुढे करणारा माणूस मित्रत्वाने तसे करतो हे मान्य, पण तो ग्लास परत करावा.

उघड रडता न येणारे दुःख

म्हातारपणी, आजारपणानंतर आलेल्या मृत्यूचे दुःख मोठे असले तरी बहुतेक माणसे ते आपल्या माणसांच्या आधाराने सोसतात. अचानक, भीषण मृत्यूची गोष्ट वेगळी, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत असे मृत्यू पुष्कळ. ताडोबाभोवतालची गावे, सिंदेवाही, सावली, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगेपलीकडे देसाईगंज, आरमोरी, सगळीकडे वाघाच्या हल्ल्यात माणूस जाणे ही नेहमीची बातमी झाली आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ नाव उलटून मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. पोट भरायला निघालेली ही माणसे होती. म्हणून त्यांच्या घरच्यांच्या दुःखाला एक काटा असतो. "मीच तिले सरपणाले धाडलं जी," असे सांगणारा नवरा मी पाहिला आहे. त्याला 'तुझी काही चूक नाही' असे दहा जणांनी सांगून झाले होते, आणि प्रत्येकाने ते त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत सांगितले होते. अशा माणसाला ती सकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू द्यावी. चहा केला कोणी, ती काय म्हणाली, विळा कुठे होता, सगळे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सांगता सांगता त्याला स्वतःलाच दिसू लागते की रोज सकाळी तो हेच म्हणत असे आणि रोज ती परत येत असे.

मृतदेह छिन्नविच्छिन्न असेल तर घरच्यांना दाखवावा की नाही, असा प्रश्न शवविच्छेदनाच्या वेळी नातेवाईक मला विचारतात. माझे मत असे की सक्ती कोणतीच नको. काय दिसेल ते आधी शब्दांत सांगावे, देह नीट झाकून घ्यावा आणि ज्याला पाहायचे आहे त्याला निदान हात, पाय, ओळखीचे वस्त्र पाहू द्यावे, स्पर्श करू द्यावा. मुळीच न पाहिलेला मृत्यू मनाला पटायला फार वेळ लागतो. कोविडच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत ज्यांना आपल्या माणसाचा चेहरा दिसला नाही, ज्यांची तेरवीही धड झाली नाही, त्यांतले काही जण आजही 'तो परत येईल' असे वाटते म्हणून सांगतात.

मग येतो पैसा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास शासनाने २०२३ मध्ये मदत २५ लाखांवर नेली. त्यातला काही भाग लगेच मिळतो, बाकीचा वारसांच्या नावे मुदत ठेवीत राहतो. ही मदत आवश्यकच आहे. पण तिच्यामागून दीर, भाचे, पाहुणे आणि टोमणे येतात. 'तुमचं भलं झालं' हे वाक्य एका विधवेने पाणवठ्यावर ऐकले. पहिले काही महिने डोके ठिकाणावर नसते. तेव्हा शेत विकणे, मोठी रक्कम कोणाला देणे, कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे असले काही करू नये. पंचनामा, वारस दाखला, बँक ही कामे विश्वासातल्या एका माणसाला बरोबर घेऊन करावीत. वनखात्याच्या माणसांनाही विनंती आहे. धनादेश देताना तुम्ही येता, फोटो निघतो. तिसऱ्या महिन्यात एकदा कागदाशिवाय त्या घरी जाऊन बसा.

आत्महत्येने गेलेल्यांच्या घरी तर रडण्याचीही चोरी असते. पोलीस विचारतात, गाव कुजबुजते, आणि शेतकऱ्याचे घर असेल तर प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्ह्याची समिती ठरवते. अपात्र ठरलेल्या घरातल्या बाईला वाटते, आपले दुःखच नामंजूर झाले. गडचिरोलीत अशा न बोलल्या जाणाऱ्या दुःखाचे आणखी प्रकार आहेत. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान आणि एक वाहनचालक गेले, त्यांना निदान मानवंदना मिळाली. खबऱ्या म्हणून मारल्या गेलेल्याच्या घरी भीतीने कोणी बसायला जात नाही. आणि जंगलात दलममध्ये गेलेले पोर जिवंत आहे की नाही हेच ज्या आईला कळले नाही, तिने तेरवी करावी तरी कशी? या तिघी आया माझ्या समोरच्या बाकावर बसल्या तर त्यांची झोप, भूक, नाडी मला सारखीच लागेल.

आणि तान्ही लेकरे. सर्च संस्थेच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने २००१ मध्ये दाखवून दिले की महाराष्ट्रात बालमृत्यूंची नोंदही धड होत नव्हती. जे मोजलेच गेले नाही त्याचे दुःख कोण विचारणार? चार दिवसांचे बाळ किंवा सातव्या महिन्यात पोटातच गेलेले बाळ, यासाठी तेरवी नसते. आईला 'दुसरं होईल' म्हणतात. तिच्या छातीत दूध दाटलेले असते, ताप येतो, आणि त्या तापाबरोबर ती दवाखान्यात येते. तिला बाळाचे नाव विचारा. ठेवले नसेल तर तिने मनात काय ठरवले होते ते विचारा. 'दुसरं होईल' हे वाक्य या दोन जिल्ह्यांतून हद्दपार झाले तर मला फार आनंद होईल.

गोळ्यांविषयी

मयतीच्या दुसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी येऊन म्हणते, 'आईला झोपेची गोळी लिहून द्या, फार रडते.' जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना केली आहे. मानसिक आजार नसलेल्या शोकाकुल माणसाला, मोठ्याला किंवा मुलाला, केवळ दुःखासाठी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे देऊ नयेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही त्यातली नावे वाचकांच्या ओळखीची असतील. या गोळ्यांनी दुःख हलके होत नाही, सवय लागते, म्हातारी माणसे रात्री उठून पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या किंवा शेजारच्यांकडून उसन्या घेतलेल्या गोळ्या तर नकोच.

त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे जी समुपदेशनाचा आग्रह धरणाऱ्यांनी वाचावी. ज्यांना मानसिक आजार नाही अशा शोकग्रस्तांना सरसकट समुपदेशनाला बसवू नये, असेही संघटना सांगते. बहुसंख्यांना लागते ते हे: बरोबर बसणारे माणूस, वेळेवर जेवण, सकाळचे ऊन, थोडे काम आणि नाव घेण्याची मुभा. बचत गटातल्या एखाद्या बाईने आठवड्यातून एकदा डबा घेऊन जावे आणि अर्धा तास बसावे. उपदेश करू नये.

मग समुपदेशक कोणाला लागतो?

आपले जग सोडून गेलेल्याची आठवण कधीच थांबत नाही, थांबावी अशी अपेक्षाही नाही. पण महिन्यामागून महिने जाऊनही ओढ पहिल्या दिवसाइतकीच तीव्र राहते, माणूस गेले हे मन मान्यच करत नाही, शेती, स्वयंपाक, शाळा काहीच सुरू होत नाही, असे काहींचे होते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत याला स्वतंत्र नाव आहे. आपण त्याला 'लांबलेला शोक' म्हणू. तिथे किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे, आणि त्या त्या समाजाची रीत विचारात घ्यावी असेही म्हटले आहे. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारणपणे दहांत एकाला हा त्रास होतो, भीषण मृत्यूनंतर प्रमाण बरेच वाढते.

काही बाबतींत सहा महिने थांबायचे नाही. 'मला तिच्याकडेच जायचे आहे' हे बोलणे, वस्तूंची वाटणी करू लागणे, फवारणीच्या औषधाच्या डब्याभोवती घुटमळणे, अन्नपाणी सोडणे, दारू एकदम वाढणे, लेकरांकडे बिलकुल न बघणे, असे काही दिसले तर त्याच दिवशी हालचाल करावी. 'जीव द्यायचे मनात येते का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा माणूस मोकळा होतो. कीटकनाशके घराबाहेर, कुलपात ठेवावीत आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

कुठे जावे, कसे जावे

पहिले दार जवळचेच असावे. गावातली आशाताई, आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपला नेहमीचा डॉक्टर. 'मयतीनंतर झोप नाही, मन लागत नाही' एवढे स्पष्ट सांगावे, नुसते 'अशक्तपणा' म्हणू नये, नाहीतर सलाईन लावून घरी पाठवले जाल.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता किंवा परिचारिका बोलण्यातून उपचार करतात. सेवा शासकीय आहे, तिथे खाजगीसारखी फी पडत नाही. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही जाते. तो वार आपल्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारून घ्यावा. एटापल्लीहून एस.टी. ने गडचिरोलीला पोहोचावे आणि तज्ज्ञ त्या दिवशी दुसरीकडे गेलेले असावेत, ही पायपीट टाळता येते. गडचिरोलीजवळ शोधग्रामला सर्च संस्थेचे माँ दंतेश्वरी रुग्णालय आहे, तिथेही मानसिक आरोग्याच्या तपासणीचे दिवस विचारून जावे. अवघड प्रकरणासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहेच. मनोरुग्णालय या शब्दाला भिऊ नये, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तपासून माणूस संध्याकाळी घरी येतो.

ज्यांना घर सोडता येत नाही किंवा कोणाला कळू द्यायचे नाही, त्यांच्यासाठी फोन आहे. टेली-मानस ही शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हा क्रमांक कापून घड्याळाजवळ चिकटवून ठेवावा. भामरागडकडे, एटापल्लीकडे रेंज नसते हे मला माहीत आहे. तिथे आशाताईच्या किंवा शिक्षकाच्या मदतीने आठवडी बाजाराच्या दिवशी, रेंजच्या गावी येऊन फोन लावावा.

समुपदेशनात नेमके काय होते, याची लोकांना धास्ती असते. प्रवचन होत नाही. आठवड्या-पंधरवड्याने पाऊण-एक तास माणूस बोलतो, समोरचा ऐकतो आणि मधे मधे विचारतो. जो प्रसंग आठवायला भीती वाटते तो थोडा थोडा करून सांगायला लावतात. टाळलेल्या जागी हळूहळू परत जायला मदत करतात. कधी गेलेल्याला उद्देशून दोन शब्द बोलायला सांगतात. सहा-आठ भेटींत पुष्कळांना फरक पडतो. बरोबर उदासीनतेचा आजार असेल तर त्याची औषधे वेगळी असतात. ती घ्यावीत, झोपेच्या गोळीशी त्यांची गल्लत करू नये. पहिल्या भेटीत समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा मागावा, त्यात अपमान नाही. भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईचे रडणे मराठीत होत नाही. तिच्याबरोबर तिची भाषा आणि मराठी दोन्ही येणारे, तिच्या विश्वासातले माणूस पाठवावे.

शिकलेल्या तज्ज्ञांची वाट पाहत बसावे लागते असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, त्यात गावच्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन उदासीनतेच्या रुग्णांपर्यंत पोहोचवले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मदत घेणाऱ्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले दिसले. गडचिरोलीत आरोग्यदूत बायांनी नवजात बालके वाचवून दाखवली आहेत. त्याच बाया शोकाच्या घरीही बसू शकतील, असे मला वाटते.

लेकरांचे आणि विधवांचे

मुलांना 'बाबा झोपले' असे सांगू नये, ती झोपायला भितात. 'गावाला गेले' म्हटले तर वाट पाहतात. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही, ते पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच खरे, छोटे उत्तर द्यावे: 'बाबा मेले. त्यांचे शरीर बंद पडले. ते आता परत येणार नाहीत. मी आहे.' पोर रडून पाच मिनिटांत खेळायला गेले तर रागावू नये. अंथरूण ओले करणे, पोट दुखणे, शाळेत न बोलणे हे त्याचे रडणे असते. शिक्षकांना घरची बातमी जरूर सांगावी.

विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यात दुःखावर अपमान चढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. आपल्या ग्रामसभेत हा विषय आला का, हे वाचकांनी विचारावे.

पहिल्या वर्षातल्या काही तारखा आधीच ओळखून ठेवाव्यात: पहिला पोळा, पहिली दिवाळी, अक्षय्य तृतीयेची पितरांची घागर, वर्षश्राद्ध. त्या सुमारास बरे झालेले माणूसही पुन्हा खचते, आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते. जंगलात गेलेल्यांच्या घरी आणखी एक तारीख असते, ती पंचांगात नसते. मे महिन्यात तेंदूचे फड लागतात आणि त्याच वाटेने पुन्हा जायची वेळ येते. मजुरी सोडणे परवडत नाही. पहिल्या वर्षी त्या घरच्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या जंगलात, मोठ्या टोळीबरोबर न्यावे, किंवा घरी पुडे बांधण्याचे काम द्यावे. नको म्हणत असेल तर ओढू नये.